दिल्या घरचें अस्वल

माणसें प्रवासास निघालीं म्हणजे त्यांचीं वर्णनें होतात, पत्रें येतात, छायाचित्रें निघतात. परंतु त्यांच्याबरोबर जाणाऱ्या अथवा त्यांच्या मागून पाठविल्या जाणाऱ्या लहानसान वस्तूंच्या प्रवासाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक पाहतां आपल्या एकत्र कुटुंबांतून अशा वस्तु वर्षानुवर्षें हिंडत असतात. थोरल्या जावेच्या मुलासाठीं केलेला पाळणा धाकटीच्या खोलींत जातो, तेथून नणंदेच्या सासरीं जातो, आणि कांहीं वर्षांनीं कड्या बदलून व नवा रंग लावून तो पुन्हां कोणाच्या तरी बारशास उभा राहतो. कुंचीचें, वाळ्यांचें, लांकडी ठकीचें आणि भातुकलीच्या पितळी भांड्यांचें तसेंच आहे. ही वस्तु नक्की कोणाची, असें कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच तर घरांतील वडील माणसांनाहि उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावें लागतें. हाच प्रश्न एका भुसा भरलेल्या अस्वलावरून इंग्लंड व अमेरिका या दोन राष्ट्रांमध्यें उभा राहिला होता, हें ऐकून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. त्या अस्वलाच्या व त्याच्या भाऊबंदांच्या वाटेनें हिंडण्याचा योग आम्हांस आला, त्याचा हा वृत्तांत.

खेळण्यांतलें अस्वल हें मूळचें आपल्याकडील नव्हे. सन १९०२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मिसिसिपी प्रांतांत शिकारीस गेले असतां, झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें त्यांनीं नाकारलें. या प्रसंगावर क्लिफर्ड बेरिमन या चित्रकारानें व्यंगचित्र काढलें, आणि त्यानंतर ब्रुकलिनमधील मॉरिस मिक्टम या दुकानदारानें कापडाचें अस्वल करून त्याला अध्यक्षांच्या घरगुती नांवावरून ‘टेडी’ म्हटलें. त्याच सुमारास जर्मनींतील श्टाइफ यांच्या कारखान्यांतहि अशीं अस्वलें होऊं लागलीं. पुढें दहावीस वर्षांत हें खेळणें युरोप-अमेरिकेंतील मुलांच्या अंथरुणांत जाऊन पोहोंचलें. ज्या अस्वलाची हकीकत आम्ही सांगणार आहों, तें याच कुळांतलें. मात्र त्याच्या नांवाचा उगम एका जिवंत अस्वलापाशीं आहे, म्हणून आमची यात्राहि तेथूनच सुरू होते.

लंडनमधील रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयांत एका सैनिकाचा व अस्वलाच्या पिलाचा पुतळा आहे. पिलूं मागच्या पायांवर उभें असून सैनिकानें त्याचे पुढचे पाय हातीं धरले आहेत. चालावयास शिकणाऱ्या मुलाला बापानें धरावें तसें. तो सैनिक म्हणजे लेफ्टनंट हॅरी कोलबर्न. हा जन्मानें इंग्लंडचा, पण कॅनडांतील विनिपेग शहरीं स्थायिक झालेला जनावरांचा डॉक्टर होता. पहिलें महायुद्ध सुरू होतांच सैन्यांत दाखल होण्यासाठीं तो आगगाडीनें पूर्वेकडे निघाला. वाटेंत ऑन्टेरिओमधील व्हाइट रिव्हर स्थानकावर, ता. २४ ऑगस्ट १९१४ रोजीं, एका शिकाऱ्यापाशीं बांधलेलें काळें अस्वलाचें पिलूं त्याला दिसलें. त्याची आई मारली गेली होती. कोलबर्नने वीस डॉलर देऊन तें पिलूं घेतलें आणि आपल्या गांवाची आठवण म्हणून त्या मादीचें नांव विनिपेग ठेविलें. हाक मारतांना त्याचें विनी झालें. पलटणीबरोबर विनीहि अटलांटिक महासागर ओलांडून सॉल्सबरीच्या मैदानावरील छावणींत येऊन पोहोंचली.

पुढें पलटणीस फ्रान्सला जाण्याचा हुकूम झाला. रणभूमीवर पिलाला नेणें शक्य नव्हतें, तेव्हां ता. ९ डिसेंबर १९१४ रोजीं कोलबर्नने तिला या संग्रहालयांत आणून सोडलें. युद्ध संपल्यावर विनिपेगच्या प्राणिसंग्रहालयांत तिला घेऊन जावयाचें, असा त्याचा बेत होता. म्हणजे ही झाली ठेव. परंतु युद्ध चार वर्षें लांबलें. तेवढ्या अवधींत विनी इतकी माणसाळली कीं, मुलें तिच्या पाठीवर बसत आणि तिला हातानें खाऊ देत. कोलबर्न सुखरूप परत आला खरा. पण त्यानें आपली ठेव परत मागितली नाहीं. १९१९ सालीं त्यानें विनीला लंडनच्या स्वाधीन केलें व तो एकटा कॅनडास गेला. ती तेथेंच १९३४ सालीं मरण पावली. पुतळ्यासमोर उभें राहून आम्हीं पाहिलें, तों येणारी जाणारी मुलें पिलाच्या नाकावरून हात फिरवून पुढें जात होतीं. असाच पुतळा विनिपेगमध्यें आहे. ठेवणाऱ्याच्या आणि सांभाळणाऱ्याच्या अशा दोन्ही गांवीं एकाच प्रेमाची खूण असावी, हें आम्हांस फार योग्य वाटलें.

विनीला पाहावयास येणाऱ्या मुलांत क्रिस्टोफर रॉबिन मिल्न नांवाचा एक मुलगा होता. त्याचे वडील ए. ए. मिल्न हे नाटककार व विनोदी लेखक. ता. २१ ऑगस्ट १९२१ रोजीं क्रिस्टोफरचा पहिला वाढदिवस झाला, तेव्हां लंडनच्या हॅरॉड्स या मोठ्या दुकानांतून आणलेलें एक अस्वल त्याला मिळालें. प्रथम त्याचें नांव एडवर्ड होतें. मुलगा मोठा झाल्यावर त्यानें प्राणिसंग्रहालयांतील विनीचें नांव आणि एका ओळखीच्या हंसाचें ‘पू’ हें नांव एकत्र करून ‘विनी-द-पू’ असें त्याचें पुनः बारसें केलें. मागाहून एक गाढव, एक डुकराचें पिलूं, एक कांगारू व तिचें बाळ, आणि एक वाघ असा परिवार जमला. डुकराचें पिलूं शेजाऱ्यांनीं दिलेलें होतें. या खेळण्यांच्या गोष्टी मिल्न यांनीं १९२६ व १९२८ सालीं दोन पुस्तकांत लिहिल्या, आणि एका घरचीं खेळणीं साऱ्या जगाचीं झालीं.

त्या गोष्टी जेथें घडल्या तें रान पाहावें म्हणून आम्ही लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत आगगाडीनें आणि तेथून पुढें मोटारबसनें ससेक्स परगण्यांतील हार्टफील्ड या खेड्यास गेलों. या खेड्याजवळच मिल्न यांनीं १९२५ सालीं कॉचफर्ड फार्म हें घर सुटीचें ठिकाण म्हणून विकत घेतलें होतें. घराला लागून ओढा आहे आणि पलीकडे ॲशडाउनचें रान पसरलेलें आहे. ‘रान’ म्हटल्यानें आपल्या डोळ्यांपुढें सह्याद्रीची झाडी उभी राहते. तसें तें नव्हे. एके काळीं राजांच्या शिकारीसाठीं राखलेला हा प्रदेश आज बहुतेक उघडा माळ आहे. त्यावर गुडघाभर उंचीचीं झुडपें दाटलेलीं असून उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना जांभळीं फुलें येतात, तेव्हां आपल्या कासच्या पठाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. उंचवट्यांवर देवदारांचे थोडे थोडे पुंजके आहेत. गिल्स लॅप नांवाच्या अशाच एका उंचवट्याजवळ लेखक मिल्न व चित्रकार ई. एच. शेपर्ड या दोघांच्या स्मरणार्थ एक शिला बसविलेली आहे. तेथें बसून पाहिलें म्हणजे दूरवर रेषेवर रेषा काढाव्या तशा टेकड्या दिसतात, आणि पुस्तकांतील चित्रें चित्रकारानें मनचीं काढलीं नव्हतीं, याची खात्री पटते.

ओढ्यावरचा लांकडी पूल पाहावयास मात्र झुंबड असते. पुलाच्या एका बाजूनें काटक्या पाण्यांत टाकावयाच्या आणि धांवत दुसऱ्या बाजूस जाऊन कोणाची काटकी आधीं येते तें पाहावयाचें, असा खेळ या बापलेकांनीं येथें काढला. हा पूल १९०७ सालचा. १९७९ सालीं त्याची डागडुजी झाली, आणि १९९९ सालीं तो अगदीं नवा बांधावा लागला. जुने वांसे ठेवून दिलेले होते, ते २०२१ सालीं लिलांवांत सव्वा लाखाहून अधिक पौंडांस गेले. पुलाच्या आसपास खालीं एक काटकी सांपडत नाहीं, इतकीं मुलें तेथें खेळून जातात. जाणती मंडळी येतांनाच बरोबर काटक्या घेऊन येतात. आम्हीहि वाटेंत वेंचून घेतल्या होत्या. परंतु या सगळ्या रानांत एक गोष्ट मनास लागून राहते. ज्या खेळण्यांमुळें हें रान प्रसिद्ध झालें, त्यांपैकीं एकहि येथें नाहीं. कांगारूचें बाळ तर येथल्याच सफरचंदांच्या बागेंत १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत हरवलें, तें पुन्हां मिळालेंच नाहीं. उरलेलीं पांच समुद्रापलीकडे गेलीं.

तीं कशीं गेलीं हें सांगण्यापूर्वी चित्रकाराच्या घरच्या अस्वलाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण पुस्तकांत आपण ज्या गुबगुबीत ‘पू’ला पाहतों, त्याचें शरीर मिल्न यांच्या घरचें नव्हे. शेपर्ड यांनीं बाकीचीं खेळणीं पाहून चित्रें काढलीं; पण अस्वलाचें चित्र काढतांना त्यांच्या डोळ्यांपुढें होतें तें त्यांच्या स्वतःच्या मुलाचें, ग्रॅहमचें, ‘ग्राउलर’ नांवाचें अस्वल. हें अस्वल ग्रॅहमनंतर त्याच्या मुलीकडे गेलें. दुसऱ्या महायुद्धांत ती मुलगी कॅनडांत असतांना ग्राउलरहि तिच्याबरोबर होतें, आणि तेथेंच एका कुत्र्यानें तें फाडून टाकलें. ग्रॅहम स्वतः आरमारांत होता. १९४३ च्या सप्टेंबरांत त्याचें जहाज अटलांटिकमध्यें बुडालें व तो परत आला नाहीं. बापानें काढलेलीं चित्रें तेवढीं राहिलीं. ज्या अस्वलाला जगांतील मुलें ओळखतात, त्याच्या अंगाचा कापडाचा तुकडासुद्धां आज कोठें नाहीं. आणि तरीहि तें नाहींसें झालें असें म्हणवत नाहीं. आजीच्या लुगड्याची गोधडी फाटून गेली तरी तिची ऊब घरांतल्या बोलण्यांत राहते, त्यांतलाच हा प्रकार.

आतां पांच खेळण्यांकडे वळूं. १९४७ सालीं मिल्न यांच्या अमेरिकन प्रकाशकांच्या विनंतीवरून हीं खेळणीं अमेरिकेस पाठविण्यांत आलीं. त्यांचा पन्नास हजार डॉलरांचा विमा उतरविलेला होता, आणि कोण कोण कोठून आलें याचा एक जन्मदाखला मिल्न यांनीं स्वहस्तें लिहून त्यांच्याबरोबर दिला होता. तेथील शहरांशहरांतून, ग्रंथालयांतून व दुकानांतून तीं हिंडलीं. पुढें प्रकाशकांच्या कचेरींतच त्यांचें वास्तव्य झालें, आणि १९८७ सालीं त्यांनीं तीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास अर्पण केलीं. या ग्रंथालयाची फिफ्थ ॲव्हेन्यूवरील मुख्य इमारत १९११ सालीं उघडलेली आहे. दाराशीं दोन संगमरवरी सिंह बसलेले असून पायऱ्यांवर सर्व देशांचीं माणसें ऊन खात बसलेलीं दिसतात. आंत दुर्मिळ ग्रंथांच्या व हस्तलिखितांच्या सान्निध्यांत, कांचेच्या पेटींत, हीं पांच खेळणीं आहेत.

प्रथमदर्शनीं, खरें सांगावयाचें तर, थोडी निराशाच होते. अस्वलाचा रंग विटलेला, लोंकर जागोजाग झिजलेली. डुकराचें पिलूं तर मुठींत मावेल एवढें. २०१६ सालीं तज्ज्ञांकडून त्यांची शिवण व भरण यांची नीट दुरुस्ती झाली. पण झीज लपविली नाहीं, हें उत्तम केलें. थोडा वेळ पाहत राहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, अस्वलाचा एक एक विरलेला भाग म्हणजे एक एक वर्षाचें आलिंगन आहे. आमच्या शेजारीं एक लहान मुलगी कांचेला नाक लावून उभी होती. तिनें आपल्या काखेंतलें नवें कोरें अस्वल वर उचलून त्या म्हाताऱ्या अस्वलास दाखविलें. भेट करून द्यावी तशी!

याच खेळण्यांवरून १९९८ सालीं वाद माजला. ग्विनेथ डनवुडी या इंग्लंडच्या पार्लमेंटांतील सभासद न्यूयॉर्कला आल्या असतां त्यांनीं हीं खेळणीं पाहिलीं, तीं त्यांना दुःखी दिसलीं, आणि त्यांना मायदेशीं परत पाठवावें असा प्रश्न त्यांनीं पार्लमेंटांत उपस्थित केला. वर्तमानपत्रांस पर्वणीच मिळाली. न्यूयॉर्कचे महापौर रुडॉल्फ जूलियानी यांनीं जातीनें जाऊन खेळण्यांची भेट घेतली व तीं येथेंच राहतील असें जाहीर केलें. अखेर तीं तेथेंच राहिलीं. इंग्लंडचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें नाहीं. ज्या मातींत गोष्ट जन्मली तिची ओढ खोटी नसते. परंतु या गदारोळांत ज्याचीं तीं खेळणीं त्याला कोणी विचारूं शकलें नाहीं, कारण क्रिस्टोफर मिल्न हा १९९६ सालींच वारला होता.

त्यानें आपलें उत्तर मात्र आधींच देऊन ठेविलें होतें. पुस्तकांनीं त्याला जी कीर्ति दिली ती त्यानें मागितलेली नव्हती. शाळेंत मुलांनीं त्याला त्या गोष्टींवरून छळलें. मोठेपणीं जेथें जाईल तेथें लोक त्याच्यांत तो लहान मुलगाच शोधीत. दुसऱ्या महायुद्धांत तो सैन्यांत होता व इटलींत जखमी झाला. परत आल्यावर, १९५१ सालीं, त्यानें डार्टमथ या गांवीं पुस्तकांचें दुकान काढलें आणि स्वतःच्या कष्टावर संसार केला. १९७४ सालीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यानें लहानपणाचा सारा हिशोब शांतपणें मांडला आहे. खेळणीं जवळ नाहींत याचें वाईट वाटतें काय, असें लोक त्याला विचारीत. त्यावर त्याचें म्हणणें असें कीं, एके काळीं आवडलेल्या वस्तूंपेक्षां आज आवडतात त्या वस्तु भोंवतीं असाव्या. कित्येकांस हें बोलणें कोरडें वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याचें बालपण जगानें घेतलें, त्यानें तें हट्टानें परत न मागतां जगाच्या पदरांत टाकावें आणि आपण आपल्या वाटेनें चालूं लागावें, यांत मोठा संयम आहे. आपल्याकडे लेकीस सासरीं धाडतांना ‘दिल्या घरीं सुखी राहा’ असा आशीर्वाद देतात. तो देणाऱ्याचें काळीज कोरडें असतें असें कोण म्हणेल?

अमेरिकेहून आम्ही कॅनडाची राजधानी ओटावा येथें गेलों. नदीकांठच्या युद्ध-संग्रहालयांत तोफा, रणगाडे व विमानें यांची दाटी आहे. त्या सर्वांमध्यें आम्ही शोधीत होतों ती वस्तु तळहातावर मावेल एवढी होती. क्वेबेक प्रांतांतील ईस्ट फार्नम येथील लॉरेन्स ब्राउनिंग रॉजर्स हा शेतकरी पहिल्या महायुद्धांत सैन्यांत गेला व आघाडीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करूं लागला. त्याची मुलगी आयलीन ही त्या वेळीं दहा वर्षांची. बापाची राखण करावी म्हणून तिनें आपलें लहानसें अस्वल त्याला टपालानें पाठविलें. त्यानेंहि तें जपून जवळ ठेविलें. ता. ३० ऑक्टोबर १९१७ रोजीं पासेनडेलच्या लढाईंत, जखमींची सेवा करीत असतां, तो मारला गेला. अस्वल त्याच्या वस्तूंबरोबर घरीं परत आलें. घरच्यांनीं तें पत्रांसह जपून ठेविलें. २००२ सालीं तें नातीच्या हातीं लागलें, आणि पुढें संग्रहालयांत आलें. त्याचे डोळे व मागचे पाय नाहींसे झालेले आहेत.

या अस्वलापुढें उभें राहिल्यावर न्यूयॉर्क व लंडन यांच्या भांडणाचा आम्हांस विसर पडला. तेथें अस्वल परत यावें म्हणून लोकांनीं हट्ट धरला होता. येथें एका मुलीकडे अस्वल परत आलें, पण बाप परत आला नाहीं. दिलेली वस्तु परत येणें हें नेहमींच भाग्याचें नसतें. ती ज्याच्यापाशीं गेली त्याच्यापाशींच झिजावी, फाटावी, त्याच्या मुलांच्या हातीं जावी, यांतच देण्याचें सार्थक आहे. कोलबर्नने हें जाणलें, क्रिस्टोफरनें हें जाणलें. आयलीनच्या नशिबीं मात्र ती जाण फार लवकर आली.

आमच्या वाचकांच्या घरीं माळ्यावर, फडताळांत, जुन्या ट्रंकांत अशा कित्येक वस्तु असतील, आणि मुलेंबाळें पुण्यामुंबईहून परदेशीं गेल्यामुळें त्यांचा प्रवासहि आतां लांबचा होऊं लागला आहे. आजीची भातुकली शिकागोस जाते, मामाचा लांकडी घोडा लंडनला जातो. त्या जाऊं द्याव्या. केवळ कोणाकडून कोणाकडे आल्या, कोणाच्या लहानपणीं घेतल्या, एवढें एका चिठ्ठीवर लिहून बरोबर द्यावें. मिल्न यांनीं आपल्या खेळण्यांबरोबर दाखला पाठविला होता, तसेंच. वस्तु झिजेल, हरवेल, एखादे वेळीं कुत्र्याच्याहि तोंडीं पडेल. पण ज्या मुलाच्या हातीं ती पडली आहे, त्याला निदान एवढें कळेल कीं, आपल्या आधींहि कोणीतरी हिला पोटाशीं धरून निजत असे.